वेशीवरचा क्रूस, खांद्यावरचा क्रूस

सोनाराच्या दुकानात गेलात, तर काचेखाली ओंकार आणि स्वस्तिकाच्या पदकांशेजारी एखादा छोटासा क्रूस हमखास दिसेल. नाजूक, चकचकीत, कधी मधोमध एक खडा बसवलेला. ख्रिस्ती नसलेली कॉलेजातली मुलंमुलीही तो हौसेने गळ्यात घालतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण त्या पदकाकडे जरा नीट पाहा. ती माणसाला ठार मारायची वस्तू आहे. फाशीचा दोर सोन्यात घडवून कुणी गळ्यात घातला, तर आपण दचकू. क्रूसाकडे पाहून दचकत नाही, कारण शतकानुशतकांच्या सवयीने त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत.

मराठी बायबल वाचणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. तिथे या वस्तूसाठी सरळ 'वधस्तंभ' असा शब्द आहे. उच्चारताच वध आठवतो. कॅथलिक घरांत बोलताना 'क्रूस' म्हणतात, प्रोटेस्टंट उपासनेत 'वधस्तंभ' अधिक कानावर पडतो, गोव्याच्या कोकणीत तोच 'खुरीस' होतो. केरळात 'कुरिशु' म्हणतात. तमिळमधला 'सिलुवै' आणि उर्दूतला 'सलीब' हे दोन्ही शब्द येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता, तिच्यातल्या एकाच मुळाचे. एवढ्या भाषांत मुरलेली ही वस्तू. रोजच्या जगण्यात ती नेमकं काय करते, ते आज पाहू.

आधी थोडं मागे जावं लागेल. रोमन साम्राज्यात क्रूसावरची शिक्षा गुलामांसाठी, बंडखोरांसाठी आणि परक्या मुलखातल्या लोकांसाठी होती. रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. मरण येणं एवढाच तिचा हेतू नव्हता. ते सावकाश यावं, उघड्यावर यावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावं, यासाठी तिची आखणी होती. सभ्य रोमन घरात त्या शब्दाचा उच्चारही नकोसा वाटे. त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांची पंचाईत लक्षात घ्या. आम्ही ज्याची उपासना करतो त्याला सरकारने गुन्हेगार म्हणून असं मारलं, हे शेजाऱ्याला सांगायचं कसं?

शेजारी हसत होतेच. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोरलेलं चित्र सापडलं आहे, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. त्यात क्रूसावर गाढवाचं डोकं असलेला माणूस आहे, खाली हात उंचावलेला एक तरुण आहे आणि शेजारी ग्रीक अक्षरांत लिहिलं आहे की, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. कुणीतरी सोबत्याची उडवलेली टर! क्रूसावरच्या येशूची जी अगदी जुनी चित्रं आज उपलब्ध आहेत, त्यांत या टवाळीची गणना होते, हे मला फार बोलकं वाटतं. खुद्द ख्रिस्ती लोक त्या काळी मासा, नांगर, मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ अशी चिन्हं काढत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ही शिक्षा बंद झाली, आणि प्रत्यक्ष पाहिलेल्यांची पिढी सरल्यावरच क्रूस उघडपणे भिंतींवर आला. रोममधल्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर येशूला क्रूसावर दाखवणारं एक कोरीव काम आहे, ते साधारण 430 सालचं.

जाता जाता एक गोष्ट. क्रूसाच्या माथ्यावर 'आय एन आर आय' अशी चार अक्षरं तुम्ही पाहिली असतील. नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा, या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे ही पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लावली होती. माणसाची बदनामी सर्वांना वाचता यावी म्हणून सरकारने केलेली बहुभाषिक सोय!

आता आपल्याकडे येऊ. भारतात सगळे क्रूस एकसारखे दिसत नाहीत. कॅथलिक चर्चमधल्या क्रूसावर बहुधा येशूची मूर्ती असते, खिळलेली, मान कललेली. प्रोटेस्टंट चर्चमध्ये क्रूस रिकामा, कारण भर पुनरुत्थानावर आहे. मेलेला तिथे राहिलाच नाही. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेचा जुना क्रूसही रिकामाच असतो, पण त्याची टोकं कळ्यांसारखी उमललेली आणि पायाशी कमळासारख्या पाकळ्या. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर असा एक दगडी क्रूस आहे, त्याभोवती पहलवी लिपीत लेख आहे. पोर्तुगीजांना तो 1547 मध्ये खोदकामात सापडला, म्हणजे ते यायच्या कितीतरी आधीपासून तो इथल्या मातीत होता. मूर्ती असलेला खरा की रिकामा खरा, यावर वाद घालणारे घालतात. मला विचाराल तर आजारी माणूस मूर्तीच्या क्रूसाकडे बघतो आणि स्मशानातून परतणारा रिकाम्या क्रूसाकडे. एकाच घराला दोन्ही लागतात.

पण क्रूस भिंतीपेक्षा जास्त हातात असतो. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा: चार स्पर्शांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेऊन ही खूण पुरी होते. (ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स लोक आधी उजवा खांदा घेतात.) 200 सालच्या आसपास तर्तुल्यन नावाच्या लेखकाने नोंदवलं आहे की, ख्रिस्ती लोक घरातून निघताना, परतताना, जेवायला बसताना, दिवा लावताना कपाळावर ही खूण करतात. आजही फारसं बदललेलं नाही. बस चर्चसमोरून गेली की एखादी प्रवासी मोबाइलवर बोलता बोलता खूण करते. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कपाळावर आई अंगठ्याने क्रूस काढते. मूल मोठं झालं की लाजतं, मान मागे घेतं, आणि गणिताच्या पेपरच्या दिवशी मात्र आपणहून पुढे येऊन उभं राहतं. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कपाळावर क्रूस काढतात, आणि मग आईवडील नि धर्ममातापिता यांनाही तो काढायला सांगतात.

स्वयंपाकघरातही तो आहे. पीठ आंबायला ठेवताना त्यावर बोटाने क्रूस काढणाऱ्या आज्या अजून आहेत. केरळात पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सीरियन ख्रिस्ती घरांत बिनखमिराचं 'पेसहा अप्पम' करतात. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीच्या पट्टीचा छोटा क्रूस करून तो अप्पमवर ठेवतात. रात्री प्रार्थना करून घरातला कर्ता माणूस ते कापतो आणि नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या 'पाल'बरोबर सगळ्यांना वाटतो. त्याच रविवारच्या झावळ्या वर्षभर सुकतात, पुढच्या वर्षी जाळल्या जातात, आणि त्या राखेने राखेच्या बुधवारी कपाळावर क्रूस उमटतो. त्या दिवशी ऑफिसात एखाद्या सहकाऱ्याच्या कपाळावर काळपट डाग दिसला, तर पुसून टाक म्हणून सांगू नका. तो मुद्दाम ठेवलेला असतो.

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो, आणि त्यातल्या शुक्रवारी 'क्रूसाची वाट' चालतात. चर्चच्या भिंतींवर, कधी डोंगरावर, चौदा स्थानकं असतात. येशूला शिक्षा फर्मावली जाते तिथपासून त्याला कबरेत ठेवतात तिथपर्यंत. लोक एका स्थानकाहून दुसऱ्याकडे जातात, गुडघे टेकतात, पुन्हा उठतात. या वाटेवर येशू तीन वेळा पडतो. लहानपणापासून ही वाट चाललेल्या माणसाच्या मनात त्यामुळे देवाचं एक वेगळंच चित्र बसतं: धापा टाकणारा, गुडघे फुटलेला.

इथेच विषय नाजूक होतो. येशूने शिष्यांना सांगितलं की, माझ्यामागे यायचं तर आपापला क्रूस उचलून या. लूकच्या शुभवर्तमानात त्याला 'दररोज' हा शब्द जोडलेला आहे, मत्तय आणि मार्कमध्ये तो नाही. हा 'दररोज' मोठा सोयीचा ठरला. क्रूस म्हणजे रोजचा त्रास, आणि तो उचलायचा म्हणजे मुकाट सोसायचा, असा सरळ हिशेब झाला. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला 'प्रत्येकाचा एक क्रूस असतो बाई' असं म्हणून परत धाडलं जातं. दारूड्या भावाचं कर्ज फेडणाऱ्या बहिणीला, सासूच्या आजारपणात नोकरी सोडणाऱ्या सुनेला हेच ऐकवतात. आणि गंमत अशी की, सांगणारा सहसा स्वतः काही उचलत नसतो. 'पदरी पडलं पवित्र झालं' ही म्हण आपल्याकडे होतीच. तिच्यावर फक्त क्रूसाची खूण काढली.

हा अर्थ शुभवर्तमानात शोधायला गेलात तर सापडत नाही. येशूकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला त्याने 'हा तुझा क्रूस आहे, घेऊन जा' असं सांगितलेलं नाही. कोड असलेला आला, आंधळा आला, बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई गर्दीतून येऊन वस्त्राला शिवली. प्रत्येकाला त्याने बरं केलं. स्वतःवर बेतलं तेव्हाही तो दर वेळी मरायला उभा राहिला नाही. नाझरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायचं ठरवलं, तेव्हा तो गर्दीतून निघून गेला. यरुशलेमात धरायला आले, तेव्हाही निसटला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने पहिल्यांदा मागितलं ते हेच, की हे माझ्यावरून टळो. ज्याने स्वतः टळायची प्रार्थना केली, त्याच्या नावाने दुसऱ्याला मार खायला बसवणं हे कुठल्या भक्तीत बसतं?

मग उचलायचा क्रूस कोणता? येशू क्रूसावर गेला तो चुकवता न आलेल्या दुखण्यामुळे नव्हे. ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं त्यांच्या पंक्तीला तो बसला, देवळातल्या व्यापाऱ्यांचे चौरंग त्याने उलथले, आणि त्याची किंमत समोर दिसत असूनही मागे फिरला नाही. प्रेमापायी, न्यायापायी जी किंमत मोजावी लागते, तो क्रूस. दुसऱ्याच्या क्रौर्याला दिलेली मोकळीक म्हणजे क्रूस नव्हे. मार खाणाऱ्या मुलीला घरात ठेवून घेणाऱ्या, तिच्याबरोबर पोलीस चौकीत जाणाऱ्या आणि मग गावाची बोलणी खाणाऱ्या आईबापांनी उचललेला असतो, तो क्रूस.

आणखी एक तपशील चटकन नजरेतून सुटतो. येशूने आपला क्रूस शेवटपर्यंत एकट्याने नेलाच नाही. वाटेत शिपायांनी शेतावरून येणाऱ्या एका परगावच्या माणसाला धरलं आणि ते ओझं त्याच्या खांद्यावर दिलं. कुरेनेचा शिमोन त्याचं नाव. कुरेने म्हणजे उत्तर आफ्रिका, आजच्या लिबियातलं. तो स्वखुशीने पुढे आलेला नव्हता, वेठीला धरलेला होता. मार्कने त्याच्या दोन मुलांची नावंही दिली आहेत, आलेक्सांद्र आणि रूफ. वाचणारे त्यांना ओळखत असावेत, असं त्यावरून अभ्यासक मानतात. क्रूसाच्या वाटेवरचं पाचवं स्थानक या शिमोनाचं आहे. ज्याला देव मानायचं, त्यालाही खांदा बदलावा लागला.

खांदा देण्याची एक गोष्ट मध्य प्रदेशातली आहे. सिस्टर राणी मारिया केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या परिसरात त्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी काम करत. सरकारी योजना, बँकेचं कर्ज, बचत गट. दिसायला साधी कामं, पण त्यामुळे सावकारांची पकड सुटू लागली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. वाटेत समंदर सिंग नावाच्या तरुणाने प्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूने वार केले. त्या 41 वर्षांच्या होत्या. त्याला जन्मठेप झाली.

पुढचं सोपं नव्हतं, आणि ते सोपं करून सांगूही नये. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल त्याच संघात सिस्टर होती. 2002 मध्ये ती तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंगच्या हाताला राखी बांधली. केरळातल्या ख्रिस्ती मुलीने माळव्यातल्या त्या तरुणाच्या मनगटावर राखी बांधावी, यात दोघांच्याही परंपरांचं काहीतरी एकत्र येतं. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने पाठिंबा दिला, आणि 2006 मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांनाही भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं.

इथे एक गोष्ट निसटू नये. क्षमा केली ती आपलं माणूस गमावलेल्या घराने, स्वतःहून, सात वर्षांनी. खटला चालला होता, शिक्षा झाली होती. त्यांना कुणी 'क्षमा करा, तुम्ही ख्रिस्ती आहात' असं दरडावलं असतं, तर ती राखी राखी राहिली नसती.

मुंबईकरांना खांदा देणं कळायला मात्र माळव्यात जायची गरज नाही. वांद्र्याच्या रणवार, चिंबईसारख्या जुन्या गावठाणांत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत गल्लीच्या तोंडाशी किंवा घराच्या कुंपणाला लागून दगडी क्रूस उभे आहेत. काहींवर झेंडूचा हार असतो, पायाशी मेणबत्तीचं मेण थिजलेलं. यातले बरेच क्रूस प्लेगच्या काळातले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडलं. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, चुना फासलेली घरं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. 2020 मध्ये कोरोनासाठी बाहेर काढला तो हाच. पुण्यात सावित्रीबाई फुले एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचल्या आणि 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांचा क्रूसाशी संबंध नव्हता, तो ओढूनताणून जोडायचाही नाही. पण त्या वर्षात माणसं एकमेकांना कशी उचलत होती, ते त्यावरून कळतं.

गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांनी अशा वेळी गल्लीत क्रूस उभारले. साथीपासून राखण व्हावी म्हणून, वाचलो म्हणून, गेलेल्यांची आठवण म्हणून. प्रार्थना दाराशी आली. देवाने प्लेग थांबवला का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, आणि उत्तर ज्याचं त्याने द्यावं. क्रूसामुळे एवढं नक्की झालं की संध्याकाळी माणसं दाराबाहेर येऊन उभी राहिली. कुणाच्या घरात दिवा लागला नाही, ते शेजाऱ्याला दिसलं.

अलीकडे रस्ते रुंद होताना, जुने बंगले पडून टॉवर उठताना काही क्रूस हलले, काही गेले. उरलेल्यांची निगा राखायला माणसंही कमी झाली आहेत. मुलं परदेशी, घरं विकलेली. तरी मे महिन्यात तिथे जाऊन पाहा. क्रूस नव्याने रंगवलेला असतो, पताका लागतात, शेजारच्या फाटकातून विजेची वायर ओढून बल्ब लावलेला असतो. संध्याकाळी माळेची प्रार्थना होते, मग लदीन. गोव्यात लदीन म्हणायला व्हायोलिन येतं, इथे कुणीतरी गिटार काढतं, नाहीतर नुसताच आवाज. लॅटिन शब्दांचा अर्थ निम्म्यांना माहीत नसतो, पण उत्तर देताना सगळे एका सुरात येतात. नव्या इमारतीतले रहिवासी वरच्या गॅलरीतून बघतात. काही खाली येऊन मागे उभे राहतात, चपला काढून.

शेवटी उकडलेले चणे वाटतात. गरम असतात, कागदाची पुडी खालून ओली होते. वाटणारी बाई आधी हे ख्रिस्ती का ते बघत नाही, पुडी हातात ठेवते आणि घरी कोण आजारी आहे ते विचारते. मग त्याच्यासाठी आणखी एक पुडी देते.